खाने का है, या देखने का?

वाढदिवसाचा कार्यक्रम आटोपल्यावर टेबलावरच्या कागदी प्लेटा कधी पाहिल्यात? केक संपलेला असतो, पण त्याच्यावरचं जाड रंगीत फॉन्डंट सोलून कडेला ठेवलेलं असतं, संत्र्याची साल ठेवावी तसं. मी मिरजेत घरून केकच्या ऑर्डरी घेते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून केलेली फुलं अशी डब्यात जाताना बघवत नाहीत. अम्मीला तर अन्न टाकलेलं मुळीच खपत नाही. दस्तरखानवर सांडलेलं भाताचं शीतसुद्धा ती उचलून खाते. तिनं एकदा विचारलं, "ये खाने का है, या देखने का?" गिऱ्हाइकं म्हणतात, फोटो चांगला आला की झालं. मला हे पटत नाही. ज्या वस्तूचे आपण केक म्हणून पैसे घेतो, ती खाता आलीच पाहिजे.

फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी पिठीसाखरच. त्यात ग्लुकोज, ग्लिसरीन, थोडं वनस्पती तूप आणि हे सगळं धरून ठेवायला जिलेटिन. साखरेला गोडीपलीकडे स्वतःचा स्वाद नाही. शिवाय बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, आणि लाटताना आपण वरून आणखी भुरभुरतो. जिभेवर खडूसारखं लागतं ते हे कच्चं पीठ. मी लाटताना पीठ वापरणं सोडलं. ओट्याला नि लाटण्याला तुपाचा हात लावते, आणि पोळीपेक्षा जरा जाड, साधारण 3 मिलिमीटर, एवढंच ठेवते.

जिलेटिनचा प्रश्न मात्र चवीच्या आधीचा. ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. आमची माणसं विचारतात, "हलाल है ना?" शाकाहारी शेजारीण विचारते, "ताई, यात प्राण्याचं काही नाही ना?" दोघींना मी एकच उत्तर देते: चायना ग्रास. समुद्री शेवाळापासून केलेलं. रमजानमध्ये इफ्तारला दुधात उकळून आपण ज्याच्या थंडगार वड्या पाडतो, तेच हे.

चायना ग्रास जिलेटिनसारखं नुसतं कोमट पाण्यात विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं. गुलाबपाणी त्यात सुरुवातीलाच घातलं तर वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून आधी थोड्या पाण्यात चायना ग्रास पूर्ण विरघळवायचं, मग ग्लुकोज आणि ग्लिसरीन, आणि खाली उतरवल्यावर कोमट केलेलं गुलाबपाणी. थंडगार ओतलं तर मिश्रण तिथल्या तिथे थिजायला लागतं. गरम असतानाच पिठीसाखरेत ओतून मळायचं. चायना ग्रासचं फॉन्डंट थोडं ठिसूळ होतं, त्यामुळे ग्लिसरीन किंचित जास्त लागतं. वनस्पती तुपाऐवजी मी लोणी घालते. पांढऱ्याला पिवळट झाक येते, पण टाळ्याला चिकटणारा मेणचट थर जातो.

अर्धा किलो साखरेला दोन चिमटी मीठ आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब. एवढ्यानं गोडी बोचायची थांबते. वेलची घालायची तर वस्त्रगाळ, नाहीतर पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतात. केवडा थेंबानेच, जास्त झाला की केक अत्तराच्या दुकानासारखा वास मारतो. बाजारच्या काही व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल असतं म्हणून पुष्कळजणी ते टाळतात. मला तर त्याची उणीवच भासत नाही. ईदच्या शीरखुर्म्याचं सामान ज्या फळीवर असतं, तीच माझी इसेन्सची फळी.

केक आणि फॉन्डंटच्या मध्ये काय आहे, यावरही बरंच ठरतं. व्हिप क्रीमच्या ओलाव्यानं फॉन्डंट पाघळतं. मी डार्क चॉकलेटचं गनाश लावते. त्याचा कडवटपणा साखरेला आवर घालतो, आणि घास एकत्र खाल्ला जातो. वरचं सोलून काढावंसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात एका अकिक्याला गुलाबी केक दिला. प्लेटा परत आल्या त्यात फॉन्डंटचे दोनच तुकडे होते. दोन्ही लाल फुलांचे. गडद लाल आणि काळ्यासाठी रंग फार ओतावा लागतो आणि तो कडू लागतो. काळ्यावर उपाय आहे, फॉन्डंट मळतानाच कोको घालायचा, मग रंग जेमतेम लागतो. लालचं मात्र अजून जमलेलं नाही. बीटचा रस घालून पाहिला, तो गुलाबीच्या पुढे जाईना. सध्या लाल गुलाब मागणाऱ्यांना मी गुलाबीच घ्या म्हणते, आणि निम्म्या जणी ऐकतात.