माझा आवडता गायक : गॅरी न्यूमन

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, पालकहो, 'माझा आवडता गायक' हा निबंध आपण मुलांना दरवर्षी देतो. आज माझा वाचा.

इंग्लंडचा गॅरी न्यूमन १९७८ मध्ये गिटारची गाणी रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेला. तिथे कुणाचा तरी राहिलेला मिनिमूग सिंथेसायझर त्याने सहज वाजवून पाहिला, आणि त्याची वाटच बदलली. १९७९ मध्ये 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' आणि 'कार्स' ही दोन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

'रेप्लिकाज' भारी की 'द प्लेझर प्रिन्सिपल', यावर आम्हा चाहत्यांचं अजून जुंपतं. माझं मत दुसऱ्या रेकॉर्डला. कारण त्यात गिटार अजिबात नाही, तरी गाणं कुठे रिकामं वाटत नाही.

'यंत्रासारखा गातो' म्हणून त्याला नावं ठेवली गेली. पुढे त्यानेच सांगितलं, आपल्याला ॲस्पर्जर आहे. लोकांत वावरणं जड जातं.

माझ्या वर्गातला एक मुलगा कुणाच्या नजरेला नजर देत नाही. त्याला मी 'इकडे बघ' म्हणत नाही. 'कुठलं गाणं आवडतं? का?' एवढंच विचारते. मग तो खिडकीकडे बघत तासभर बोलतो. तुम्हीही विचारून बघा. 'का' मात्र विसरू नका.