पालीची शेवटची गाडी आणि पुण्याची मैफल

गाणे ऐकण्यास कान लागतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु खेड्यातील रसिकास कानांच्याही आधी गाडी लागते, ही गोष्ट शहरवासी मंडळींच्या सहसा ध्यानी येत नाही. मंडप घराजवळ असला म्हणजे मनुष्य गायकाचे नाव पाहून जातो. ज्याचे घर डोंगराच्या कुशीत आहे, त्यास मात्र कार्यक्रमपत्रिकेशेजारी गाड्यांचे वेळापत्रक मांडून बसावे लागते. पालीस चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा हा विचार आमच्या मनात स्पष्ट झाला.

पाली हे राजगडाच्या पायथ्याचे लहानसे गाव. गडाचा पाली दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूरच्या फाट्यापर्यंत यावे, तेथून आत वळून मार्गासनीवरून पुढे जावे. एकंदर अंतर सुमारे ६० किलोमीटर भरते. मार्गशीर्षात भाताची झोडणी आटोपलेली असते, खाचरे मोकळी पडलेली असतात, आणि सकाळचे ऊन गडामागून अंमळ उशिराच गावात उतरते. रात्री देवळातून टाळमृदंगाचा आवाज येतो. अशा गावी गाण्याची आवड नाही, असे कोण म्हणेल? अडचण आवडीची नाही, अंतराची आहे.

हे अंतर तोडण्याचे मोठे साधन म्हणजे एस. टी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, गेली. पुढे आडवळणाच्या गावांपर्यंत गाड्या पोहोचल्या आणि मुक्कामाची गाडी ही एक संस्थाच होऊन बसली. संध्याकाळी शहराहून निघावे, रात्री गावी वस्ती करावी आणि उजाडता पुन्हा शहराची वाट धरावी, हा तिचा क्रम. शाळेतील मुले, दवाखान्यास जाणारे आजारी, बाजारास निघालेल्या बायाबापड्या, सर्वांचा दिवस तिच्या तालावर चालतो. गाण्यास जाणाऱ्याचाही चालतो. परंतु आता तो ताल चुकतो.

तो कसा, हे आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. तरुणपणी ते दरवर्षी सवाई गंधर्व महोत्सवास जात. दुपारच्या गाडीने निघावे, रात्रभर रमणबागेत बसावे आणि सकाळी भैरवी ऐकून चालत स्वारगेट गाठावे, असा त्यांचा नेम. आता का जात नाही, असे आम्ही विचारताच ते हसून म्हणाले, “पाव्हणं, तवा रात गाण्यात जायची. आता ती फलाटावर काढावी लागती!”

या उद्गारात मोठे मर्म आहे. पंडित रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व हे १९५२ साली निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्योत्तम भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने हा महोत्सव चालविला. पुष्कळ वर्षे तो रात्रभर चाले. पुढे ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली नियम झाले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवणे क्रमप्राप्त झाले. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून मोजक्याच दिवशी मिळू शकते. नियम वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. आजाऱ्यास, अभ्यास करणाऱ्या मुलास व थकलेल्या वृद्धास झोपेचा हक्क आहेच. मात्र त्यायोगे मालकंस, दरबारी यांसारख्या उत्तररात्रीच्या रागांची जागा संकोचली, ही हळहळ रसिक नेहमी बोलून दाखवितात. दुसऱ्या हानीविषयी कोणी बोलत नाही. रात्रभराची मैफल ही दूरच्या श्रोत्याची धर्मशाळाही होती! दहाला मैफल उठते तेव्हा शहरवासी रिक्षाने घरी जातो. खेड्याकडील गाड्या मात्र बहुधा निघून गेलेल्या असतात. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरास होऊ लागल्याने स्वारगेट जवळ आले खरे, पण स्थानक जवळ येऊन काय उपयोग, गाडीच नसेल तर?

वाहनाच्या आधारावाचून ही विद्या कधीच वाढली नाही, हेही येथे आठवते. १९३३ साली अकरा वर्षांचे भीमसेन गदगचे घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ते आगगाडीने. जवळ तिकीट नसे, गाणे हेच भाडे. गंगूबाई हनगल शिकण्यासाठी हुबळीहून कुंदगोळास रेल्वेने जात आणि शिकवणी संपवून रेल्वेनेच परतत. त्या गाडीचा आधार नसता, तर तो खणखणीत आवाज आपल्या कानी ज्या रूपात पडला, त्या रूपात पडता का? गाणारास जर गाडीचा आधार लागतो, तर ऐकणारास तो का लागू नये?

यावर मुद्रिका आहेत, नभोवाणी आहे, आता तर हातातील यंत्रावरही सारे गाणे मिळते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि त्याचा लाभ पालीसही होतो. परंतु तंबोरे जुळताना मंडपात पसरणारी शांतता व समेवर एकदम हलणाऱ्या हजार माना यंत्रातून मिळत नाहीत. त्या मिळण्यास तेथे बसावेच लागते.

यावर उपाय काय? महोत्सवाच्या दिवसांत रात्री उशिराची एखादी गाडी सोडता आली तर उत्तमच. ती सुटेपर्यंत आमच्या वाचक कुटुंबांस करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. पूर्वी पुण्याच्या घराघरांतून वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय होत असे; त्याच रीतीने डिसेंबरातील त्या चारपाच रात्री माजघरात एक अंथरूण अधिक घालावे. गावाकडचा आप्त, वाटेकरी, मुलाच्या शाळासोबत्याचे आजोबा, ज्यास गाणे आवडते त्यास आधीच पत्र घालून सांगावे, “परतीच्या गाडीची चिंता करू नका, मुक्कामास आमच्याकडेच या.” सकाळी चहा देऊन पहिल्या गाडीवर पोहोचविण्यास घरातील एखादा मुलगा पुरे. एवढ्याने शेवटच्या गवयाचे गाणे अर्ध्यावर सोडून उठण्याची पाळी निदान एका तरी श्रोत्यावर यावयाची नाही.