माझं ताट मी वाढून घेतलं

परवा कार्तिकी एकादशीला शेजारच्या काकू वाडगाभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, दोनच चमचे घेते हं. मला डायबेटिस आहे." किती साधं वाक्य! पण ते घरात उच्चारलं जायला पुरता एक महिना लागला. आणि पहिल्यांदा ते बोलले ती मीही नव्हे, माझी लेक!

झालं असं, की वैशाखात मला सारखी तहान लागू लागली. आता परतूरच्या उन्हाळ्यात तहान कुणाला लागत नाही? उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा व्हायचा, रात्रीतून तीन-तीनदा उठावं लागायचं, तळपायांना मुंग्या यायच्या. थोडं उन्हावर ढकललं, थोडं पन्नाशीवर. बायकांना कुठलंही दुखणं वयावर ढकलायची सवयच असते मुळी!

एक दिवस आशाताई दारात आल्या. "काकू, तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी आणि शुगर सरकारी केंद्रात फुकट तपासतात. चला बरं." तिच्या शब्दाखातर गेले. बोट टोचलं, यंत्रावरचा आकडा पाहून सिस्टर म्हणाली, "उद्या उपाशीपोटी या." उपाशीपोटी साखर निघाली १८६, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी ८.४. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्याच. त्यांनी समजावलं, की उपाशीपोटी १२६ किंवा त्यापुढे, एचबीएवनसी साडेसहा किंवा त्यापुढे, म्हणजे मधुमेह.

"अहो, पण मी ही अशी काडी! मला कशी होईल साखर?"

त्या हसल्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं संशोधन त्यांनी सांगितलं. आपल्याकडची बाळं जन्मतः वजनानं कमी असतात, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त असते. म्हणून वरून बारीक दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे हा आजार गाठतो. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय जेवता, काकू?"

मी गप्प. ह्यांच्या ताटात काय होतं ते सांगता आलं असतं, मुलाच्या डब्यात काय दिलं तेही. माझ्या ताटात काय होतं ते आठवेना. कारण मी ताट घेतच नव्हते! पातेल्याच्या तळाचा भात, मुलानं टाकलेली अर्धी पोळी, उरलेला घासभर शिरा... "अन्न टाकू नये" ही सासूबाईंची शिकवण. भूक म्हणून नव्हे, वाया जाऊ नये म्हणून सगळं माझ्या पोटात जात होतं.

घरी आले आणि तो कागद तूरडाळीच्या डब्यात खाली दडवला. का? तर लेकीचं लग्न बघत होतो. तिच्या आजीला साखर होती, आता आईलाही निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? गोळ्यांची पट्टी मिसळणाच्या डब्यामागे ठेवली. चोरून घ्यायची, आठवलं तर. पहिल्या आठवड्यात पोट बिघडलं तेव्हा दोन दिवस बंदही केली. जेवणासोबत घेतली की हा त्रास बहुधा कमी होतो, हे विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण चोरीच्या मामल्यात विचारणार कुणाला?

एका दुपारी लेक वरण लावायला गेली आणि डाळीबरोबर कागद हातात आला. वाचून ती खालीच बसली. मला वाटलं, आता रागावेल. तर म्हणाली, "आई, आजीनं पण अशीच लपवली होती ना बोटाची जखम?"

अंगावर काटाच आला. माझ्या आईच्या पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली होती. ती हळद लावून पदराआड झाकत राहिली, घरात कार्य होतं म्हणून. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला नेईपर्यंत पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ते कार्य मात्र व्यवस्थित पार पडलं!

त्याच आठवड्यात पाहुणे आले. चहाच्या वेळी लेक ट्रे घेऊन आली आणि सरळ म्हणाली, "हा आईचा कप, बिनसाखरेचा. तिला डायबेटिस आहे." माझ्या छातीत धस्स झालं. मुलाच्या आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपला कप पुढे सारून म्हणाल्या, "मलाही तसाच दे गं. माझी गोळी सात वर्षांपासून चालू आहे. अजून कुणाला सांगितलं नव्हतं." ते स्थळ पुढे जुळलं नाही, पण नोकरीच्या गावावरून. माझ्या साखरेवरून नव्हे.

संध्याकाळी ह्यांना कळलं. ते काही बोलले नाहीत. बाजारातून दोन किलो गूळ घेऊन आले! "साखर बंद ना? गुळाचा चहा कर." हसू आलं आणि डोळेही भरले. गूळ काय नि साखर काय, रक्तात जाऊन एकच, हे समजावल्यावर सहा महिन्यांत तो गूळ आमच्या गड्याच्या घरी गेला.

आता मी काय करते ते सांगते. माझं ताट मी सगळ्यांबरोबर वाढून घेते. अर्धं ताट भाजी नि काकडी-मुळा, पाव भाग उसळ किंवा वरण, उरलेल्या पाव भागात एक भाकरी. ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण ती औषध नव्हे, तिच्यातही पिष्ट असतंच. मोजूनच खायची. भाकरी घेतली की भात नाही. उपासाचे साबुदाणा, बटाटा, रताळी म्हणजे तर नुसतं पिष्टच, आणि गोळी घेऊन निर्जळी करणं धोक्याचं. म्हणून कुठलाही उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सकाळी स्टेशनकडच्या रस्त्यानं अर्धा तास चालते. रात्री दिव्याखाली तळपाय निरखते, आणि अंगणातही अनवाणी जात नाही.

काही बायका म्हणतात, इंग्रजी गोळ्यांनी किडन्या जातात, कारल्याचा रस प्या. कारल्याची भाजी मी आवडीनं खाते, पण गोळी सोडून नाही. किडन्या खराब करते ती बेताल वाढलेली साखर, हे पक्कं समजले आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, एचबीएवनसी ७.१. बरी झाले असं नाही, हा सोबतच राहायला आलेला पाहुणा आहे. त्याला सांभाळून राहायचं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्यांत डाळीच्या डब्यात कागद दडवून बसलेल्या किती असतील, कोण जाणे!

सासूबाईंची शिकवण मी मोडलेली नाही. अन्न आजही टाकत नाही. भात मोजून शिजवते, उरलं तर गाईला घालते. फक्त उरलेलं संपवायची जागा म्हणजे आपलं पोट नव्हे, एवढं उशिरा का होईना, कळलं.