हात छातीवर कसा जातो?

‘मॅडम, पित्ताचा फार त्रास आहे.’ पोटविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. माझा दवाखाना कल्याणला. त्यामुळे समोर कधी फोर्टातल्या बँकेत नोकरी करणाऱ्या बाई असतात, तर कधी मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी. तक्रार एकच, आजार मात्र निरनिराळे. एकाचं अर्धं डोकं ठणकत असतं आणि उलटी झाली की बरं वाटतं. ती अर्धशिशी निघते. एखादीला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती पार पाठीपर्यंत जाते. तिच्या पित्ताशयात खडे सापडतात. कुणाच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात. आणि पुष्कळांना खरोखरच ॲसिड रिफ्लक्स असतो, म्हणजे जठरातलं आम्ल उलट अन्ननलिकेत येत असतं. या सगळ्यांनी माझ्याकडे येण्याआधी औषधाच्या दुकानातून बहुधा एकच कॅप्सूल आणून घेतलेली असते. म्हणून मी आधी म्हणते, ‘पित्त राहू द्या बाजूला. नेमकं काय होतं, कधी होतं, तेवढं सांगा.’

रिफ्लक्सच्या निदानाचा मोठा भाग या उत्तरात असतो. तपासण्या नंतर येतात, आणि बऱ्याच जणांना त्या लागतही नाहीत. पण उत्तर नीट मिळायला हवं.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. छातीतून खाली उतरून ती श्वासपटलातल्या फटीतून पोटात शिरते आणि जठराला मिळते. या सांध्यावर स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते सैल होतं, घास गेला की आवळतं. श्वासपटलाचे स्नायूही बाहेरून त्याला धरून असतात. जठरातलं आम्ल चांगलंच तीव्र. उपाशीपोटी त्याचा पीएच एक ते दोनच्या आसपास असतो. जठराच्या अस्तरावर चिकट स्रावाचा आणि बायकार्बोनेटचा थर असल्याने जठर ते सोसतं. अन्ननलिकेला तसं कवच नाही. हे कडं घास नसतानाही अधूनमधून काही सेकंद सैल पडतं. ढेकर बाहेर येते ती त्याच वाटेने, आणि तिच्याबरोबर थोडं आम्लही वर येतं. हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्या बाबतीत घडतं. लाळ आणि अन्ननलिकेची हालचाल मिळून ते लगेच खाली नेतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

इथे एक गैरसमज मला दूर करायचा आहे. ‘माझ्या पोटात ॲसिड फार बनतं,’ असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. रिफ्लक्सच्या बहुतेक रुग्णांत आम्ल इतरांइतकंच तयार होतं. ते नको त्या जागी पोचतं आणि तिथे जास्त वेळ टिकतं, हा खरा दोष. कडं वारंवार सैल पडत असेल, पोटाचा घेर वाढून आतला दाब वाढला असेल, गरोदरपण असेल किंवा श्वासपटलाची फट रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला असेल, तर हे होतं. २००६ मध्ये माँट्रियल इथे ठरलेल्या व्याख्येनुसार वर आलेल्या जठरातल्या द्रवामुळे माणसाला जाच होऊ लागला किंवा त्यातून इजा झाली, की त्याला आजार म्हणायचं. लग्नाच्या पंगतीनंतर एखाद्या दिवशी जळजळलं, तर तो आजार नव्हे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या अभ्यासगटाने २०११ मध्ये आपल्या देशातली जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात आठवड्यातून निदान एकदा असा त्रास होणाऱ्यांचं प्रमाण ७.६ टक्के होतं.

आता लक्षणं. रुग्ण बोलत असतो तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघते. ‘कुठे होतं?’ या प्रश्नाला तोंडाआधी हात उत्तर देतो. रिफ्लक्सचा माणूस पंजा उघडा ठेवून छातीच्या मधल्या हाडावर टेकवतो आणि खालून वर, गळ्याच्या दिशेने फिरवतो. जळजळ तशीच चढते, बेंबीच्या वरून निघून घशापर्यंत. अल्सरचा रुग्ण पुष्कळदा एका बोटाने पोटाच्या वरच्या भागातली एकच जागा दाखवतो. आणि हृदयाच्या दुखण्याचा माणूस मूठ आवळून छातीवर ठेवतो. या शेवटच्या खुणेला बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांचं नाव आहे. हातावरून निदान पक्कं होत नाही, पण पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते नक्की कळतं.

तो पुढचा प्रश्न म्हणजे वेळ आणि शरीराची ठेवण. रिफ्लक्सची जळजळ जेवणानंतर तास-दोन तासांत येते, वाकलं की वाढते, आडवं झालं की आणखी वाढते. फरशी पुसताना, बुटाची नाडी बांधताना, देवापुढे साष्टांग नमस्कार घालताना घशाशी आंबट येतं. बँकेतल्या ज्या बाईंचा वर उल्लेख केला, त्यांचा दिनक्रम या भागातल्या हजारो घरांचा आहे. संध्याकाळची गाडी, घरी पोचायला साडेआठ, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, जेवायला साडेदहा आणि अकराला पाठ टेकायची. ‘दोन वाजता ठसका लागून उठते,’ त्या म्हणाल्या. ‘नाकातोंडात आंबट पाणी येतं, श्वास कोंडतो. मग तासभर बसून राहते.’ त्यांच्या यजमानांनी पुस्ती जोडली, ‘उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतात.’ मी विचारलं, आधी मळमळ होते का, उमासा येतो का? तसं काहीच होत नव्हतं. उलटीला जोर लागतो, पोट आवळतं, आधी मळमळतं. रिफ्लक्समध्ये पाणी विनासायास वर येतं. रुग्ण या दोन्हींना ‘उलटी’च म्हणतात, म्हणून हा फरक खोदून विचारावा लागतो. त्यांना मी पहिल्याच भेटीत एंडोस्कोपी सांगितली नाही, कारण तेव्हा तिची गरज नव्हती.

छातीबाहेरच्या लक्षणांबद्दल मी थोडी सावध आहे. वर आलेलं आम्ल घशापर्यंत गेलं तर सकाळी आवाज बसतो, सारखं खाकरावंसं वाटतं, घशात गोळा असल्यासारखं होतं. रात्री कोरडा खोकला येतो, दम्याच्या रुग्णाचा दमा बळावतो. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजते, आणि ती अनेकदा दंतवैद्याच्याच नजरेला आधी पडते. हे सगळं खरं आहे. पण जळजळ नाही, आंबट पाणी नाही, नुसता घसा खवखवतो आणि त्यावर सहा-सहा महिने आम्लाच्या गोळ्या चालू आहेत, असे कागद मी नेहमी पाहते, आणि ते मला पटत नाही. अशा वेळी आधी तपासणी करून रिफ्लक्स आहे का ते बघावं. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा विडी यांची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र पाहून घेतल्याशिवाय त्याला ‘पित्त’ म्हणू नये.

आणि हृदय. या लेखात दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, ढेकरा, गच्च वाटणं अशा रूपात येऊ शकतो. शहापूरकडचे एक निवृत्त एसटी चालक माझ्याकडे आले ते ‘गॅसवर औषध द्या’ म्हणत. पहाटे छाती भरून आली, घाम फुटला, घरातल्यांनी लिंबूसोडा दिला, मोठी ढेकर आली आणि बरं वाटलं. म्हणून दुपारपर्यंत थांबले, मग मुलाच्या मोटारसायकलवर बसून आले. ‘काका, घाम किती आला होता?’ विचारलं तर म्हणाले, ‘बनियन पिळून काढावं लागलं.’ ईसीजी काढला आणि त्यांना थेट हृदयरोग विभागात पाठवलं. ते वाचले. ढेकर आल्यावर किंवा इनो घेतल्यावर बरं वाटलं, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. जिना चढताना, चढावर चालताना छाती भरून येते आणि थांबलं की ओसरते, हे हृदयाचं लक्षण आहे. दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ, दम लागणं यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा, रुग्णाला गाडीवर मागे बसवून आणू नका. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये ही लक्षणं आणखी फसवी असतात. एक ईसीजी ठीक आला म्हणून लगेच घरी जायची घाई करू नका. तो पुन्हा काढावा लागतो, रक्तातलं ट्रोपोनिन तपासावं लागतं.

घास अडकणं हे असंच दुर्लक्षित लक्षण. ते एका दिवसात येत नाही, म्हणून माणूस त्याच्याशी जुळवून घेत जातो. आधी भाकरी आमटीत कुस्करून खायला लागतो. मग प्रत्येक घासाबरोबर पाणी. पंगतीत सगळे उठले तरी याचं ताट भरलेलं, म्हणून लग्नाकार्यात जेवणंच टाळतो. घरचे म्हणतात, जेवण कमी झालंय. अडकतंय, हे त्याने स्वतः कुणाला सांगितलेलंच नसतं. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पातळ पदार्थ अशा क्रमाने अडचण वाढत गेली, तर अन्ननलिका अरुंद होत चालली आहे. कारण जुन्या रिफ्लक्सचा व्रण असेल किंवा कर्करोग. एंडोस्कोपी केल्याशिवाय ते कळणार नाही. पहिल्यापासून घासही अडकतो आणि पाणीही, तेव्हा अन्ननलिकेच्या हालचालीचा दोष शोधावा लागतो. अकॅलेशिया नावाच्या आजारात खालचं कडं उघडतच नाही, अन्न वर साठतं, आंबतं आणि तोंडात येतं. हुबेहूब रिफ्लक्स वाटतो. असे रुग्ण वर्षानुवर्षं आम्लाच्या गोळ्या घेत राहतात आणि त्यांना गुण येत नाही. याशिवाय प्रयत्न न करता वजन उतरणं, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं किंवा पन्नाशी-साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणं, यांपैकी काहीही असेल तर गोळी बदलून बघत बसायचं नाही.

एंडोस्कोपी ‘नॉर्मल’ आली की रुग्ण हिरमुसतो, जणू आपल्या त्रासावर कुणाचा विश्वास बसणार नाही. रिफ्लक्सच्या निम्म्याहून जास्त रुग्णांची एंडोस्कोपी नॉर्मलच असते. व्रण दिसले तर त्यांची प्रतवारी ए ते डी अशी केली जाते. नाही दिसले आणि शंका उरली, तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास अन्ननलिकेतला पीएच मोजता येतो. दिवसातला ६ टक्क्यांहून जास्त वेळ तो ४ च्या खाली असला, तर रिफ्लक्स सिद्ध झाला. ४ टक्क्यांच्या आत असला, तर जळजळीचं कारण दुसरीकडे शोधायचं.

धोक्याचं लक्षण नसेल तर मी आधी औषध देते. १९८८ मध्ये युरोपात ओमेप्राझोल आलं आणि या आजाराचं चित्रच बदललं. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही त्याच घराण्यातली. ही गोळी सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, रोज, चार ते आठ आठवडे घ्यायची असते. लोक ती जळजळलं की घेतात, नाहीतर चहा-पोह्यांनंतर घेतात, आणि मग ‘लागू पडत नाही’ म्हणतात. पेशींमधले आम्लाचे पंप जेवणामुळे कामाला लागतात, गोळी त्याआधी रक्तात पोचलेली हवी. उलट बाजूने, डॉम्पेरिडोन मिसळलेली कॅप्सूल स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेणंही बरं नाही. त्या औषधाने क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाब असलेल्यांनी इनोचा रोजचा रतीब लावू नये, त्यात सोडियम बरंच असतं. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, इतकंच. रक्तदाबावरची काही औषधंही ते कडं सैल करतात, तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणावी. मात्र मनाने त्या बंद करू नका.

दिवाळीत माझ्याकडे गर्दी वाढते. पहाटे अभ्यंगस्नान, रिकाम्या पोटी चहा, त्यावर चकली, शेव, करंजी आणि दुपारच्या जेवणानंतर गादीवर लोळणं. तळणीतल्या तुपातेलाने जठर उशिरा रिकामं होतं आणि कडंही सैल पडतं. फराळ सोडा असं मी सांगणार नाही. थोडा खा, आणि खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका. रात्रीचं जेवण जितकं लवकर करता येईल तितकं करा. झोपताना डावी कूस धरा, जठर डावीकडे असल्याने त्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड आम्लाच्या वर राहतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा देऊन १५ ते २० सेंटिमीटर उंची करा. नुसत्या उशांनी पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. सुटलेलं पोट कमी करणं आणि तंबाखू सोडणं, या दोन गोष्टींना पर्याय नाही. तिखट मात्र सगळ्यांनी सोडायची गरज नाही. ज्याला बाधतं त्याने सोडावं. बँकेतल्या बाईंनी घरी रात्रीचा स्वयंपाक वाटून घेतला, जेवण नऊला आणलं, पलंगाखाली विटा घातल्या आणि सकाळची गोळी वेळेवर घेतली. त्यांचं रात्रीचं उठणं थांबलं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहा. त्रास किती वाजता झाला, आधी काय खाल्लं होतं, तेव्हा तुम्ही बसलेले, वाकलेले की आडवे होता, कशाने थांबलं. ती वही माझ्यासारखीला खूप काही सांगते. पण घास अडकत असेल, शौच काळी होत असेल किंवा चालताना छाती भरून येत असेल, तर वही राहू द्या. फराळ आटोपून जाऊ, भाऊबीज झाली की दाखवू, असं म्हणू नका. त्याच दिवशी जा.