हॉजची कालवं

रात्री बॉसवेलनं लिहिलेलं इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनचं चरित्र चाळत होतो. कोश, वाद, मेजवान्या सगळं बाजूला राहिलं आणि त्याच्या हॉज बोक्यापाशीच अडकलो. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये कालवं हे गोरगरिबांचं खाणं. पण हॉजसाठी ती आणायला जॉन्सन स्वतः बाजारात जायचा. का? बॉसवेल म्हणतो, हेलपाट्यांना कंटाळून नोकरांनी बिचाऱ्या मुक्या जिवावर राग धरू नये म्हणून. (या बॉसवेलला मांजरांचं वावडं, तरी नोंद चोख!) जॉन्सनची मैत्रीण थ्रेलबाई मात्र 1786 सालच्या आपल्या पुस्तकात वेगळंच सांगते: बोक्याची सरबराई करायला लावून नोकर फ्रान्सिसचा मान दुखवू नये म्हणून.

मला थ्रेलबाईचं पटतं. फ्रान्सिस बार्बर जमैकात गुलामीत जन्मलेला. जॉन्सननं त्याला शाळेत घातलं, आणि मृत्युपत्रात आपली बहुतेक मालमत्ता त्यालाच दिली. असा माणूस त्याला बोक्याच्या चाकरीला कसा धाडेल?

गफ स्क्वेअरमध्ये जॉन्सनच्या घरासमोर 1997 पासून हॉजचा पुतळा आहे. बोका ऐटीत कोशावर बसलाय, शेजारी रिकामे शिंपले. लंडनला गेलात तर फ्लीट स्ट्रीटवरून आत वळा.