बियाण्याचे देणे

मृग तोंडावर आला असता ज्या कुणब्याची कणगी रिकामी असे, त्याला पूर्वी सावकाराच्या ओसरीवर जाऊन सवाईने किंवा दिढीने धान्य उचलावे लागे; आणि सुगीच्या दिवसांत, खळ्यावरची रास घरी पोहोचण्यापूर्वीच, मुद्दल व वाढ या दोहोंचे माप सावकाराच्या कोठारात पडे. तो इतिहास ज्याच्या स्मरणात आहे, त्याला अकोले तालुक्यातील बियाणे बँकेचा दंडक प्रथमदर्शनी कठोर वाटेल, कारण तेथून जेवढे बी न्यावे त्याच्या दुप्पट हंगामानंतर परत करावे लागते. परंतु येथे तारण नाही, जमानत नाही, कर्जरोखा नाही. आणि मुख्य म्हणजे ही वाढ कोणाच्याही पदरी साठून राहत नाही, ती पुढील खरिपात दुसऱ्याच एखाद्या गरजवंताच्या वावरात जाते. एका दाण्याचे शंभर दाणे करणाऱ्या भूमीच्या औदार्यातूनच हे देणे फिटते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दंडकाची न्याय्यता पटते.

कळसूबाईच्या परिसरातील कोंभाळणे या गावी राहीबाई सोमा पोपेरे यांनी हे कार्य उभे केले. महादेव कोळी समाजातील, शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या या स्त्रीने वालांचे नाना प्रकार, काळभातासारखी भाते, परसातल्या भाज्या आणि रानभाज्या यांची बियाणी गोळा केली, जतन केली आणि बायाबायांच्या हातून गावोगाव पोहोचविली; पुढे ‘बाएफ’ या संस्थेचे साहाय्य मिळाले, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान योग्यच झाला. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती मातीच्या मडक्यांतून, राखेत घोळवून ठेवलेली ती संपदा. राख दाण्यादाण्यांमधल्या फटी भरून टाकते आणि भुंग्याला हिंडावयास जागा उरू देत नाही. हे ज्ञान आपल्या आज्यांना कोणत्याही प्रबंधावाचून अवगत होते.

बी सजीव आहे, आणि म्हणूनच ते कुलूप लावून राखता येत नाही. मडक्यातले बी वर्षामागून वर्षे तसेच राहिले, तर त्याची उगवणशक्ती क्षीण होते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे 18 अंशांवर बियाणी दीर्घकाळ टिकतात, आणि ती व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि त्या गोठलेल्या निद्रेत बियाण्याला नव्या पावसाची, नव्या किडीची, उशिरा आलेल्या मृगाची वार्ता लागत नाही. शेतात दरसाल पेरले जाणारे आणि निवडले जाणारे वाण तेवढे ऋतूंचा बदलता स्वभाव अंगी मुरवीत जाते. म्हणून उसने देणे हाच बियाणे राखण्याचा सर्वोत्तम मार्ग होय: जितकी घरे अधिक, तितकी एका घरच्या दुर्दैवाने वाण बुडण्याची भीती कमी. दुष्काळात कणगीतले शेवटचे बी शिजवावे लागले, तर शेजारच्या गावी तेच वाण शिल्लक असावे, एवढा साधा हा हिशेब आहे.

या व्यवहारात परतफेडीचे बी मापाला भरले म्हणजे पुरे होत नाही, ते शुद्धही असावे लागते. वाल व भात यांचे परागण बहुधा स्वतःच्याच फुलात होते, त्यांची चिंता थोडी. भोपळ्याचे तसे नाही, मधमाशी एका वेलाचे पराग दुसऱ्याला नेते आणि पुढल्या वर्षी भलतेच फळ धरते, म्हणून दोन वाणांत अंतर राखावे लागते. संकरित बियाण्याची तर पुढची पिढी मूळ गुणांनिशी येतच नाही. दरसाल दुकानाची पायरी चढणे भाग पडते. 1964 साली संकरित ज्वारी आली, उत्पन्न वाढले, आणि त्या काळच्या भुकेपुढे ते वरदानच होते हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच ओघात परसातले बी राखण्याची सवय सुटली, ही हानी मला फार मोठी वाटते.

कायदा आपल्या बाजूचा आहे. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापाचे नाव न लावता विकण्याचाही हक्क रयतेला दिलेला आहे. तेव्हा वाचकहो, आपल्या वेलावरची पहिल्या बहरातली उत्तम शेंग खुडू नका. ती वेलावरच वाळू द्या, तिचे बी राखेत ठेवा, आणि पुढच्या मृगापूर्वी त्यातले मूठभर शेजाऱ्याला द्या.