आवाज आणि आरोप

यंत्र बिघडलें कीं मनुष्य प्रथम कारण शोधीत नाहीं, अपराधी शोधतो. आणि अपराधी बहुधा अगदीं हाताशींच असतो. घड्याळ थांबलें तर शेवटीं किल्ली देणारा, विहिरीवरचा पंप अडला तर शेवटीं बटण दाबणारा. हा न्याय किती उतावळा असतो, याचा प्रत्यय आम्हांस मालवणच्या वाटेवर, कसालनजीकच्या एका गॅरेजमध्यें आला.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची चिरे वाहणारी मालमोटार होती. तिचें ६ सिलिंडरांचें डिझेल इंजिन नुकतेंच संपूर्ण खोलून नवें करून घेतलें होतें. घाट चढतांना जोर मिळावा म्हणून पंपाचें डिझेलही थोडें वाढविलें होतें. दोन महिने बरे गेले, आणि मग इंजिनाच्या माथ्यावर टकटक सुरू झाली. व्हॉल्व्हची फट जुळविली कीं ती थांबे; आठवडाभरानें पुन्हा उठे. मालकांचें निदान ठरलेलें होतें : ड्रायव्हरनें फोंडा घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें गाडी बेफाम धांवूं दिली. त्याचा हिशेब चुकता करून त्याला घरीं पाठवावयाचें, एवढेंच उरलें होतें.

आरोप अगदींच निराधार नव्हता. गव्हर्नर डिझेल तोडूं शकतो; परंतु उतारावर चाकेंच इंजिनाला फिरवूं लागलीं तर त्यांना तो आवरूं शकत नाहीं. वेग मर्यादेबाहेर गेला कीं व्हॉल्व्हची स्प्रिंग मागें पडते, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला भिडतो आणि पुशरॉड वांकतो.

मालक हेड उघडण्याची घाई करूं लागले, तेव्हां वृद्ध मिस्त्री शांतपणें म्हणाले, “तात्यानू, आदी आयकूया, मगे खोलूया.” त्यांनीं इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची डिझेलची नळी सैल केली. टकटक तशीच राहिली; अर्थात् ती जळणाची नव्हती. क्रँक दोनदां फिरतो तेव्हां कॅम एकदां फिरतो. २,००० फेऱ्यांच्या वेगांत प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळां उघडतो. आवाज त्याच अर्ध्या लयींतला होता. मग वरचें झांकण काढून त्यांनीं बाराही पुशरॉड कांचेवर लोळविले. सारे सरळ निघाले. शिवाय वांकलेला रॉड एकदांच वांकतो, रोज थोडाथोडा वांकत नाहीं. येथें तर फट दर आठवड्यास वाढत होती. म्हणजे कांहींतरी झिजत होतें.

कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. रॉड परत बसवून मिस्त्रींनीं हातानें क्रँक फिरवीत डायल गेजनें प्रत्येकाची उचल मोजली. चौथ्या सिलिंडरचा एक रॉड आपल्या जोडीदारांहून दीड मिलीमीटर कमी उचलला जात होता. त्याखालचा टॅपेट काढला, तों त्याचा तळ बशीसारखा खोलगट! हा तळ किंचित् फुगीर असावा लागतो. तसा असला म्हणजे टॅपेट स्वतःभोंवतीं फिरत राहतो आणि झीज वांटली जाते. खोलगट टॅपेट फिरत नाहीं. एकाच जागीं घासून तो कॅमचा कठीण पापुद्रा खाऊन टाकतो.

“नव्या कॅमवर जुने टॅपेट कोणी बसवूंक सांगितल्यान?” मिस्त्रींनीं विचारलें. मालक क्षणभर गप्प राहिले. खर्च वांचविण्यासाठीं तसें त्यांनींच सांगितलें होतें, आणि तें त्यांनीं कबूलही केलें. ड्रायव्हर बाहेर सांवलींत बसला होता. मालकांनीं त्याला आंत बोलाविलें, आणि नवा कॅम व बारा टॅपेट आणण्याचे पैसे त्याच्याच हातीं दिले.

मिस्त्रींच्या कौशल्याहूनही त्यांचा क्रम आम्हांस मोलाचा वाटला. जें न तोडतां कळतें तें आधीं पाहावें. जें मोडल्यावर पूर्ववत् होत नाहीं त्याला शेवटीं हात लावावा. हेड विनाकारण उघडलें असतें तर एक गॅस्केट वायां गेलें असतें. परंतु त्या माणसाची भाकरी विनाकारण तुटली असती, तर ती जोडून देणारें गॅरेज आमच्या माहितींत नाहीं; आणि पुशरॉड सरळ होते, हें त्याच्या बाजूनें सांगावयास कोणी आलेंही नसतें.